पखालींतलें पाणी जातें कोठें ?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिनेसोटा हें राज्य सरोवरांचें राज्य म्हणून ओळखलें जातें. दहा एकरांहून मोठीं अशीं अकरा हजारांवर सरोवरें तेथें मोजलेलीं आहेत. या राज्याच्या पूर्व सीमेवर, मिसिसिपी नदीच्या पात्रांतच, पेपिन नांवाचें एक विस्तीर्ण सरोवर आहे. १९२२ सालीं राल्फ सॅम्युअलसन या अठरा वर्षांच्या तरुणानें तेथें दोन लांकडी फळ्या पायांस बांधून आणि नौकेचा दोर हातीं धरून पाण्याच्या पृष्ठभागावर उभें राहून दाखविलें, आणि नौकेच्या पाठीमागें पाण्यावरून घसरत जाण्याच्या खेळाचा तेथें आरंभ झाला. पुढील शंभर वर्षांत या खेळाला अनेक फांटे फुटले. त्यांपैकीं अलीकडे विशेष लोकप्रिय झालेला फांटा म्हणजे वेकसर्फिंग होय.

या खेळांत खेळाडू आरंभीं दोराच्या आधारानें आंखूड फळीवर उभा राहतो; परंतु नौकेच्या पिछाडीस उठणारी लाट एकदां पायांखालीं नीट आली कीं तो दोर सोडून देतो, आणि समुद्राच्या लाटेवर स्वार व्हावें तसा केवळ त्या लाटेच्या उतारावर नौकेमागोमाग जात राहतो. नौकेचा वेग या वेळीं तासास १६ ते १९ किलोमीटर, म्हणजे चांगल्या सायकलस्वाराइतकाच असतो. खेळाडू नौकेच्या अगदीं निकट असल्यामुळें, जिचा पंखा तळाखालीं पिछाडीच्या पुष्कळ पुढें बसविलेला आहे अशीच नौका येथें वापरतात. पिछाडीबाहेर पंखा असलेली साधी मोटरबोट या खेळांत प्राणघातक ठरेल.

अशी लाट हलक्या नौकेमागें उठत नाहीं. नौका जितकी जड तितकी ती पाण्यांत खोल बसते, आणि जितकी खोल बसते तितकें अधिक पाणी ती बाजूस सारते. हें सारलेलें पाणी पिछाडीमागें पुन्हां एकत्र येतांना जो उंचवटा उत्पन्न होतो, तीच खेळाडूची लाट. म्हणून नौकेंत मुद्दाम भार घालावा लागतो. गलबत स्थिर रहावें म्हणून त्याच्या तळाशीं दगड किंवा वाळू घालीत, त्या भाराला जुन्या मराठींत नीरम असा शब्द आहे. या क्रीडानौकांचें नीरम म्हणजे सरोवराचेंच पाणी. तें हवें तेव्हां पंपानें आंत घ्यावें, खेळ संपला कीं बाहेर सोडावें. दगड उचलण्याचे कष्ट नाहींत आणि नौका परत नेतांना ओझेंही नाहीं.

हें पाणी सांठविण्यासाठीं प्लास्टिकचा लेप दिलेल्या जाड कापडाच्या मोठमोठ्या पिशव्या बैठकांखालच्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात. भिस्त्याच्या पाठीवरची पखाल ज्यांनीं पाहिली आहे त्यांना या पिशव्यांचें रूप निराळें वर्णन करून सांगावयास नको. फरक इतकाच कीं त्यांना नळ्या जोडण्यासाठीं दोन-चार तोंडें असतात. एका मध्यम पखालींत सुमारें ३४० लिटर पाणी मावतें, म्हणजे तितकेच किलोग्रॅम, किंवा अमेरिकन मापानें ७५० पौंड, भार होतो. पिछाडीच्या दोन कोपऱ्यांत दोन आणि मध्यें किंवा नाळेकडे एक-दोन अशा पखाली भरल्या म्हणजे एकंदर भार सहज एक हजार किलोग्रॅमच्या वर जातो. चौदा-पंधरा प्रौढ माणसें नौकेंत अदृश्य होऊन बसलीं आहेत असें समजावें.

या व्यवस्थेसंबंधीं सर्वांत अधिक ऐकूं येणारी तक्रार अशी कीं, किनाऱ्यापाशीं पखाल गच्च भरली होती, परंतु अर्ध्या तासाच्या खेळानंतर ती सैल पडली आहे, लाट खचली आहे आणि नौका एका कुशीवर कलली आहे. मालक बहुधा ताबडतोब पखालीस दोष देतो, ती उपसून काढतो, ठिगळ शोधतो, आणि शेवटीं नवी आणतो. नवी पखालही दुसऱ्या दिवशीं तशीच सैल पडते. याचें कारण असें कीं दोष पखालीचा आहे हें त्यानें गृहीत धरलेलें असतें, सिद्ध केलेलें नसतें. पाणी नाहींसें होत नाहीं. तें कोठून तरी कोठें तरी जातें. म्हणून पान्हा हातीं घेण्यापूर्वीं दोनच प्रश्न विचारावे: पाणी जातें कोठें, आणि जाऊन जाऊन थांबतें कोठें ? या दोन प्रश्नांचीं उत्तरें नीट मिळालीं तर दोषाचें स्थान बहुतेक आपोआप उघड होतें.

त्यासाठीं प्रथम पाण्याचा मार्ग डोळ्यांपुढें आणला पाहिजे. नौकेच्या तळाला एक भोंक असून त्यावर हातानें फिरविण्याची झडप असते. तेथून नळी पंपाकडे व पंपाकडून पखालीकडे जाते. पखालीच्या माथ्यावरून एक हवेची नळी निघून नौकेच्या बाजूस, पाण्याच्या बऱ्याच वर, बाहेर पडते. भरतांना हवा तिच्यांतून निसटते व पखाल पूर्ण भरली कीं तिच्यांतून पाण्याची धार लागते.

पंप दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारांत लवचिक रबरी पात्यांचें चाक एका घट्ट डब्यांत फिरतें. तें सुलट फिरविलें तर पखाल भरते, उलट फिरविलें तर रिकामी होते. आणि थांबलें म्हणजे पात्यांच्या कडा डब्याच्या भिंतीस टेकून राहिल्यामुळें पाण्याला दोन्हीकडून वाट बंद होते. दुसऱ्या प्रकारांत पात्यांचें चाक मोकळें फिरतें व पाण्याला केवळ ढकलतें. असा पंप थांबला कीं त्याच्यांतून पाणी खुशाल मागें येऊं शकतें. या प्रकारांत भरण्याचा पंप व उपसण्याचा पंप हे वेगळे असतात आणि उपसलेलें पाणी बाहेर सोडणारें तोंडही वेगळें असतें. आपल्या नौकेंत कोणता प्रकार आहे हें ज्याला ठाऊक नाहीं त्याची सर्व परीक्षा अंधारांत होते.

यानंतर खरा तोटा व भासणारा तोटा यांचा निवाडा करावा. पुष्कळ नौकांवर पखाल किती भरली हें दाखविणारा कांटा पाणी मोजीत नाहीं. पंप किती मिनिटें चालला एवढ्यावरून तो अंदाज बांधतो. पंपांत हवा अडकली, किंवा तळाच्या जाळीवर पाणवनस्पति चिकटली, तर पंप आवाज करीत राहतो, कांटा चढत राहतो, आणि पखाल अर्धीच भरते. पुढें ती सैल दिसली म्हणजे पाणी गेलें असें वाटतें. वस्तुतः तें आलेलेंच नसतें. दुसरें असें कीं पखालींत हवेचा मोठा बुडबुडा राहिलेला असला तर ती टणक लागते. नौका हालूं लागली कीं हवा निसटते व माथा खालीं येतो. तिसरें, पखाल तुडुंब भरल्यावर वरच्या बैठकीवर माणसें बसलीं कीं त्यांच्या दाबानें थोडें पाणी हवेच्या नळीवाटे बाहेर पडतें, आणि पखाल जराशी सैल पडली कीं तें आपोआप थांबतें. हा दोष नव्हे. म्हणून कांट्यावर विश्वास न ठेवतां, हवेच्या नळीच्या बाहेरच्या तोंडांतून अखंड, बुडबुड्यांवांचून धार लागेपर्यंत पखाल भरावी, आणि मगच परीक्षेस आरंभ करावा.

खरें पाणी जात असेल तर त्याला मार्ग चारच आहेत. एक, हवेच्या नळीवाटे बाहेर. दोन, भरण्याच्या पंपांतून मागें सरोवरांत. तीन, उपसण्याच्या नळीवाटे बाहेर. आणि चार, पखालीच्या किंवा सांध्याच्या गळतीनें नौकेच्या स्वतःच्या पोटांत. पहिल्या तीन मार्गांनीं गेलेलें पाणी लाट बिघडवितें. चौथ्या मार्गानें गेलेलें पाणी नौका बुडवूं शकतें. म्हणून चौथ्या मार्गाचा निकाल सर्वांत आधीं लावला पाहिजे.

परीक्षा शांत पाण्यांत, नौका धक्क्याला बांधून व यंत्र बंद ठेवून करावी. यंत्राजवळची तळाची जागा फडक्यानें टिपून कोरडी करावी. पखाल भरावी, आणि कप्प्याच्या कडेपासून पखालीच्या माथ्यापर्यंतचें अंतर पट्टीनें मोजून लिहून ठेवावें. अर्ध्या तासानें पुन्हां मोजावें. माथा उतरला आहे व तळ ओला झाला आहे, तर पाणी आंत गळत आहे. माथा उतरला आहे पण तळ कोरडाच आहे, तर पाणी बाहेर गेलें आहे. मात्र येथें एक सावधगिरी हवी. नौकेच्या तळांतील पाणी उपसणारा स्वयंचलित पंप पुष्कळ नौकांवर असतो. तो मधल्या वेळांत गुपचूप पाणी फेकून देतो आणि तळ कोरडा दिसतो. म्हणून परीक्षेपुरता तो बंद ठेवावा, आणि परीक्षा संपतांच न विसरतां पुन्हां चालू करावा.

पाणी बाहेर जात आहे असें ठरलें म्हणजे एकेक वाट बंद करून पाहावी. प्रथम पखालीकडे जाणारी तळाची झडप मिटावी व पुन्हां अर्धा तास थांबावें. गळती थांबली तर पाणी पंपांतून मागें जात होतें हें सिद्ध झालें. या झडपेच्या शेजारींच बहुधा यंत्र थंड ठेवणाऱ्या पाण्याची झडप असते. चुकून ती मिटून यंत्र सुरू केलें तर यंत्राची हानि होते, म्हणून कोणती झडप कोणत्या नळीची हें आधीं बोटानें नळी धरून पाहावें. झडप मिटूनही गळती चालूच राहिली तर उपसण्याच्या तोंडाकडे पाहावें. पंप बंद असतां तेथून बारीक धार येत असेल तर ती डोळ्यांनाच दिसेल. शेवटीं हवेच्या नळीच्या तोंडास बूच लावून पाहावें. परंतु बूच लावलेलें असतां भरण्याचा पंप कधींही चालवूं नये. पाण्याला वाट न मिळाल्यामुळें पखाल फुटते किंवा वरची बैठक उखडते. आणि एका वेळीं एकच वाट बंद करावी. तिन्ही एकदम बंद केल्या तर गळती थांबेल खरी, पण ती कशामुळें थांबली हें मात्र कधींच कळणार नाहीं.

आतां दुसरा प्रश्न: पाणी थांबतें कोठें ? हंड्याच्या मध्यावर छिद्र असेल तर पाणी छिद्रापर्यंत उतरतें व थांबतें. छिद्राचें स्थान सांगण्यास दुसरा साक्षीदार लागत नाहीं. पखालीचेंही तसेंच आहे. पाणी एका बाजूच्या तोंडाच्या उंचीवर येऊन थांबलें, तर त्या तोंडाचा सांधा तपासावा. पखालींतील पाणी बाहेरच्या सरोवराच्या पातळीशीं येऊन थांबलें, तर ती वाट पाण्याखालीं उघडते आहे असें समजावें. म्हणजे दोष बहुधा भरण्याच्या पंपांत आहे. कारण दोन भांडीं नळीनें जोडलीं असतां पाणी दोहोंत समपातळीवर आल्यावरच स्थिर होतें. आणि पाणी याहून बरेंच खालीं, पखालीच्या तळापर्यंत जात असेल, तर तिच्या तळाशींच छिद्र आहे.

या ठिकाणीं वक्रनलिकेचा गुण ध्यानांत घेतला पाहिजे. शाळेंत तो शिकवितांना वासुदेवाचा पेला दाखवीत असत. पेल्यांत डोक्यावर बाळकृष्ण घेतलेल्या वसुदेवाची मूर्ति असते. पाणी ओतीत गेलें असतां तें बाळाच्या पायाला लागेपर्यंत चढतें, आणि मग एकाएकीं सारा पेला खालून रिता होतो. मूर्तींत लपविलेली वांकडी नळी एकदां पूर्ण भरली कीं वरच्या वळणाची अडचण पाण्याला उरत नाहीं. बाहेरचें तोंड आंतल्या पाण्याहून खालीं असेपर्यंत तें वाहतच राहतें. उपसण्याची नळी पखालीच्या तळापासून वर जाऊन, वळण घेऊन, नौकेच्या बाजूस बाहेर पडते, तेव्हां तिचा अगदीं वासुदेवाचा पेला झालेला असतो. पखाल भरतांना पाणी त्या वळणाच्या वर चढलें, किंवा नौका कलल्यानें तसें झालें, कीं नळी भरते व पाणी आपोआप वाहूं लागतें. पंपाची कळ कोणी दाबलेली नसते. रिकामी नौका तरंगत असतां जें तोंड पाण्याच्या वीतभर वर दिसतें, तेंच हजार किलोग्रॅम भार चढल्यावर पाण्याला टेकलेलें किंवा बुडालेलें असतें, हेंही विसरूं नये.

कित्येकदां असें होतें कीं धक्क्याशीं बांधलेल्या नौकेंत अर्धा तासच काय पण दोन तास थांबलें तरी पखाल तसूभर उतरत नाहीं, आणि सरोवरांत चार फेऱ्या मारतांच सैल पडते. मालकाला हें गूढ वाटतें. परंतु त्याचें गणित साधें आहे. तासाला १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. या वेगानें समोरून येणारें पाणी उघड्या तोंडांत शिरलें तर त्याच्या जोरानें नळींत पाण्याचा स्तंभ सुमारें सव्वा मीटर उंच चढूं शकतो. यासाठींच पुढें तोंड असलेली जाळी तळाला बसविली असेल तर चालत्या नौकेंत मोकळ्या पंपांतून पाणी आपोआप आंत घुसतें, पखाल गरजेबाहेर भरते व हवेच्या नळीवाटे वाहते. उलट तोंड मागच्या दिशेस असेल तर तेथें दाब कमी होऊन पाणी बाहेर ओढलें जातें. शिवाय वेग घेतांना नाळ वर उचलली जाते व पिछाडी दबते. पखालींतील पाणी मागें धांवतें, आणि हवेच्या नळीचें तोंड पखालीच्या मागच्या टोकास जोडलेलें असेल तर तेंच सर्वांत खोल ठिकाण होऊन बसतें. म्हणून स्थिर परीक्षेंत दोष सांपडला नाहीं तर तीच परीक्षा, त्याच क्रमानें, दहा-दहा मिनिटें नौका चालवून करावी. चालत्या नौकेंत पिछाडीवर ओणवून तोंडें पाहत बसूं नये. यंत्राचा विषारी धूर तेथेंच सांचतो. नौका थांबवून, यंत्र बंद करून मोजमाप घ्यावें.

दोष सांपडला म्हणजे उपाय त्या मानानें सोपा. रबरी पात्यांच्या पंपांतून पाणी मागें जात असेल तर पात्यांचें चाक काढून पाहावें. पातीं झिजलेलीं, एकीकडे वांकलेलीं किंवा तुटलेलीं आढळतील. पाण्यावांचून पंप चालविला तर घर्षणानें तीं थोडक्याच वेळांत खराब होतात. चाक नवें बसवावें, आणि तुटलेल्या पात्याचा तुकडा हरवला असेल तर तो नळींतून शोधून काढावा, नाहीं तर तोच पुढें अडथळा होतो. मोकळ्या पंपाच्या नळींत एकमार्गी झडप बसवावी, म्हणजे पाणी पुढें जाईल पण मागें येणार नाहीं. मात्र उलटसुलट चालणाऱ्या पंपाच्या नळींत ही झडप कधीं घालूं नये. पखाल भरेल, पण रिकामी होणार नाहीं. उपसण्याच्या नळीचें वळण पखालीच्या माथ्याहून उंच न्यावें व वळणाच्या शिखरावर हवा आंत घेणारी लहान झडप बसवावी. हवा शिरली कीं वक्रनलिका तुटते. हवेच्या नळीवाटे चालत्या नौकेंत पाणी उडत असेल तर तिच्या तोंडापाशीं कमानीची झडप बसवितात. भरतांना दाबानें ती उघडते, एरव्हीं मिटलेली राहते. ही युक्ति लवचिक पखालीलाच योग्य आहे, कारण रिकामी होतांना पखाल चपटी होऊं शकते. कठीण टाकीला मात्र उपसतांना आंत येणारी हवा मिळालीच पाहिजे. या सर्व झडपांत काडी अथवा वाळूचा कण अडकला कीं त्या अर्धवट उघड्या राहतात, म्हणून हंगामांतून दोन-तीन वेळां त्या खोलून धुवाव्या.

एक चमत्कारिक दोष स्वतंत्र सांगण्यासारखा आहे. कांहीं नौकांत तळाचें भोंक एकच असून त्याच्या फांट्यांवरून तीन-चार पंप पाणी घेतात. समजा, डाव्या पखालीच्या पंपाचें चाक झिजलें आहे. डावी पखाल भरून ठेवली आणि उजवीचा पंप सुरू केला, तर तो सरोवराबरोबरच डाव्या पखालींतूनही पाणी ओढूं लागतो. डावी उतरते, उजवी भरते, तळ कोरडा, बाहेर थेंब नाहीं. आणि मालक उजव्या पंपाच्या जोमाचें कौतुक करीत असतो. सर्व पंप एकदम चालविले असतां तोटा दिसत नाहीं व एकेक चालविला असतां दिसतो, हीच या दोषाची खूण.

आतां चौथा व गंभीर मार्ग. पखाल ३४० लिटरची असून वीस मिनिटांत ६० लिटर पाणी गेलें असें धरलें, तर मिनिटाला ३ लिटर गळती झाली. तें पाणी बाहेर गेलें तर एका कुशीवरचा एक माणूस उठून गेल्यासारखें होऊन नौका कलते, एवढेंच. परंतु तेंच पाणी आंत गळलें तर पखाल हलकी होते पण नौका हलकी होत नाहीं. तासाभरांत १८० लिटर पाणी यंत्राच्या बुडाशीं मोकळें फिरूं लागतें. नौका वळली कीं तें सारें खालच्या कुशीकडे धांवतें व कल अधिकच वाढवितें. त्यांतून पंपाच्या झडपा उघड्या राहिल्या आणि फुटक्या नळींतून सरोवराचें पाणी आंत येऊं लागलें, तर गळतीला अंतच राहत नाहीं. तळाचा स्वयंचलित पंप कांहीं काळ ही गोष्ट लपवितो. विजेरी संपली कीं तोही थांबतो, आणि रात्रीं धक्क्याला बांधलेली नौका सकाळीं बुडालेली आढळते. म्हणून तळाचा पंप वारंवार चालूं लागला तर तो चांगलें काम करीत आहे असें न मानतां, त्याला काम कां पडत आहे हें पाहावें. आणि नौका सोडून जातांना पखालीच्या झडपा मिटण्याची संवय ठेवावी.

तळांतलें पाणी पखालीचेंच आहे, कीं पंख्याच्या दांड्यापाशीं झिरपणारें आहे, हें ओळखण्यास एक स्वस्त साधन आहे. नौका गाडीवर, जमिनीवर असतां पखालींत थोडेंच पाणी घ्यावें (पूर्ण भरलेल्या पखालीचा भार गाडीला झेपत नाहीं) आणि त्यांत खाण्याचा रंग मिसळावा. तळांत रंगीत पाणी दिसलें तर आरोपी पखाल. दिसलें नाहीं तर शोध दुसरीकडे घ्यावा. गळती बहुधा कापडांत नसून तोंडाशीं असते. तेथील रबरी कडें सरकलेलें असतें, प्लास्टिकचे आटे वांकडे बसलेले असतात, किंवा फार आवळल्यामुळें तडकलेले असतात. ज्या सांध्याला रबरी कडें आहे तो हातानें घट्ट होईल तितकाच फिरवावा. पान्ह्याचा जोर त्याला वैरी आहे. कापडांतलें छिद्र शोधावयाचें तर सायकलच्या नळीची रीत उपयोगी पडते. पखाल रिकामी करून तींत हलकी हवा भरावी, साबणाचें पाणी पुसावें, आणि फेस कोठें फुगतो तें पाहावें. ठिगळ लावण्यापूर्वीं जागा पूर्ण कोरडी हवी. आणि ठिगळ लावल्यावर कप्प्याच्या आंतून हात फिरवून, कोणत्या स्क्रूच्या टोकानें किंवा धारेनें पखाल घासली तें शोधून काढावें; नाहीं तर तेंच टोक ठिगळालाही घासेल. पेट्रोलच्या यंत्राची नौका असेल तर असें काम करून पुन्हां यंत्र सुरू करण्यापूर्वीं तळांतील वाफ बाहेर फेकणारा पंखा निदान ४ मिनिटें चालवावा.

पाणी नको तेव्हां जातें ही तक्रार झाली. परंतु पाणी हवें तेव्हां पुरतें जात नाहीं हीही तितकीच महत्त्वाची बाब आहे. उपसण्याचा पंप हवा ओढूं लागला कीं पखाल रिकामी झाली असें मानतात. पण तिच्या घड्यांत आणि नळ्यांच्या वळणांत कांहीं लिटर पाणी राहतेंच. झेब्रा शिंपला नांवाचा एक परका लहान शिंपला १९८८ सालीं उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांच्या प्रदेशांत आढळला. त्याचीं पिलें नुसत्या डोळ्यांना दिसत नाहींत व राहिलेल्या पाण्यांतून एका सरोवरांतून दुसऱ्यांत जाऊं शकतात. मिनेसोटांतील प्रसिद्ध मिनेटॉंका सरोवरांत तो २०१० सालीं सांपडला. एकदां वसती झाली कीं मोठ्या सरोवरांतून त्याचें निर्मूलन करणें जवळजवळ अशक्य होतें. पाण्याच्या नळांची तोंडें तो बुजवितो आणि माशांच्या पिलांचें सूक्ष्म अन्न गाळून खातो. म्हणूनच त्या राज्यांत नौका रस्त्यानें नेतांना पाणी काढण्याचीं बुचें उघडीं ठेवण्याचा कायदा झाला. व्हरमाँट राज्यानें २०२४ सालीं याहून पुढें जाऊन, अशा प्रत्येक नौकेनें हंगामापुरतें एक सरोवर आपलें घर म्हणून ठरवावें व दुसरीकडे जाण्यापूर्वीं निर्जंतुक व्हावें, असा नियम केला. पखालींत कोठें पाणी राहतें हें जाणणें ही मालकाच्या सोयीची गोष्ट उरली नसून शेजारच्या सरोवराच्या आरोग्याची झाली आहे. तेव्हां शेवटचें पाणी पखाल उचलून, घड्या मोडून व नळ्या सोडवून काढावें, आणि सर्व वाळूं द्यावें.

या सर्व विवेचनाचें सार थोडक्यांत असें. कांट्यापेक्षां पट्टीवर व अंदाजापेक्षां कोरड्या तळावर विश्वास ठेवावा. पाणी आंत जातें कीं बाहेर, हें प्रथम ठरवावें. आंत जात असेल तर खेळ तत्काळ थांबवावा. बाहेर जात असेल तर एका वेळीं एकच वाट बंद करावी, आणि तें कोठें थांबतें तें पाहावें. जमिनीवरच्या घरांतही जेथें टाकी, नळी आणि पंप आहेत तेथें हाच न्याय लागू पडतो. पाणी उताराकडे जातें, समपातळीवर थांबतें, आणि वांकडी नळी भरली कीं चढही ओलांडतें. हे तीन नियम सरोवरांतील कोणत्याही नौकेसाठीं बदलत नाहींत. आणि ते ध्यानांत ठेवणाऱ्याला नवी पखाल विकत घेण्याचा प्रसंग क्वचितच येतो.